उद्धवरावांची देवयानी

आमच्या समोरच्या दारातले उद्धवराव म्हणजे एक नंबरचे हट्टी. मी विमल, पंधरा वर्षांपासूनची शेजारीण, उगाच नाही बोलत. त्यांचं चाकणला कंपनीत साचे घासून गुळगुळीत करायचं काम. घरीही हात शिवशिवायचे. यंदा गॅलरीत ड्रमवर जाड काच ठेवली आणि भोवती फिरत आठ महिने घासली. खर्र, खर्र! दुर्बिणीचा आरसा म्हणे. कशाला, तर देवयानी बघायला. आपल्या आकाशगंगेसारखीच ती दुसरी चक्राकार दीर्घिका. तिचा उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. हे सगळं आम्हाला जिन्यात उभं करून ऐकवलेलं. बघायचा पहिला मान मात्र बायकोचा, सुभद्राबाईंचा. खर्रखर्र तिनंच सोसली ना.

आरशावर चकाकी चढवून आणली आणि आली खंडेनवमी. "आरशाला कुणी बोट लावायचं नाही," असा सगळ्यांना दम भरून स्वतः हत्यारांच्या पूजेला बसले. तीस वर्षं कंपनीत मशीनला कुंकू लावायची सवय. पान्याला लावलं, ड्रिलला लावलं, त्याच ओघात ओलं बोट आरशाच्या मधोमध टेकवलं.

पुसावं तर ओरखडे. चकाकी पुन्हा चढवायला महिना. आणि कोजागरीनंतर पाचव्या दिवशी सुभद्राबाई लेकीच्या बाळंतपणाला अंबाजोगाईला निघणार. परत येईतो देवयानी पश्चिमेच्या टॉवरांमागं. उद्धवरावांचं जेवणावरून मन उडालं. मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच बसले होते. भाकरी थापता थापता सुभद्राबाई म्हणाल्या, "मधोमध तर नळीत वर बसवायच्या त्या छोट्या आरशाची सावलीच पडती, तुमीच सांगत होते. मग तिथं कुंकू असलं काय अन् नसलं काय?"

उद्धवराव अर्धं ताट सोडून उठले. कुंकवासकट आरसा नळीत बसवला.

चंद्र उगवायच्या आत आम्ही सगळे गच्चीवर. बाजूच्या बारक्या नळीतून त्यांनी नेम धरला आणि मोठीला डोळा न लावताच बाजूला झाले. सुभद्राबाई वाकल्या.

"चक्र कुठाय? पिठाचं बोट पुसल्यागत दिसतंय."

"चक्र फोटोत दिसतं. डोळ्याला मधला भागच. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड..."

"गप बसा हो जरा. एवढ्या लांबून आलाय, बघू द्या की."

आम्ही मागं रांगेत ताटकळलो, पण बाई काही हलेनात. आकाश सरकतं, म्हणून उद्धवराव अंदाजानं नळी केसभर ढकलत होते. स्वतः त्यांनी देवयानी अजून पाहिलीच नव्हती.

"आहे का अजून?" ते विचारायचे.

"हाय," त्या म्हणायच्या, आणि ते परत थोडी ढकलायचे.