जॅक सटकला नव्हता

मी हमीद चाचांचा हात मोडला, त्या दुपारपासून माझं सगळं बदललं.

हो, मीच मोडला. टायर काढायच्या लोखंडी टॉमीनं. उजवा, मनगटातून.

लातूरच्या अर्ध्या गॅरेजवाल्यांना वाटतं, जॅक सटकला आणि गाडी हातावर पडली.
आज पहाटे चाचा गेले. झोपेतच. म्हणून लिहायलोय. पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

मी देवणीहून लातूरला कोचिंगला आलो होतो. डॉक्टर व्हायला. बॅचमध्ये ती होती, आमचं जमलं.
रिझल्ट लागला. ती नांदेडला एमबीबीएसला, मी इथंच बीएस्सीला.

सहा महिन्यांत तिनं फोन उचलणं बंद केलं. मग ब्लॉक. मग कळलं, तिथला एक सिनिअर तिला गाडीवर फिरवतो.

सेकंड इयरला कॉलेज सोडलं. डोक्यात एकच. नांदेडला जायचं आणि तिच्यासमोर त्याचं थोबाड फोडायचं.

माझ्या रूमच्या खाली चाचांचं गॅरेज. कोपऱ्यात एक मोटारसायकल तुकड्यांत पडलेली. चेसी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं, मागचं चाक कशाचं ते चाचांनाही माहीत नव्हतं.
मी ती मागितली.

"नांदेडला एसटी जाती की," चाचा म्हणाले.
"मारायला एसटीनं जात असतेत का?"
"हौ. वापसी का तिकट बी निकालना पडता." लई हसले. मग म्हणाले, "जोड. चालू झाली तर तुझी. पण टाकीला रंग द्यायचा नाही. घासायची पण नाही."

टाकीवर ब्रशनं, पिवळ्या रंगात, वाकडंतिकडं लिहिलेलं होतं. शबाना.
कोण, ते मी विचारलं नाही. मला माझ्याच दुःखाचं पडलं होतं.

चार महिने लागले. ती टाकी त्या चेसीवर बसायचीच नाही, जुन्या ट्यूबचे पट्टे कापून खाली घातले. इंजिनाची भोकं जुळेनात, नवीन पट्ट्या वेल्ड केल्या. रोज बोटं सोलायची.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. मी किक मारली आणि गाडी बोलली.

मग टाकीकडं बघितलं. दुसऱ्याच पोरीच्या नावाची गंजकी टाकी घेऊन तिच्यासमोर जाऊ?
पॉलिश पेपर घेतला. पंधरा मिनिटांत पत्रा चकाचक.

चाचा आले. बघितलं.
खिळ्याला टांगलेली चेन काढली आणि माझ्या पाठीवर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कानावर.
रक्त आलं. हाताला लागली ती टॉमी मी उचलली.

हाड मोडल्याचा आवाज आला. दोघंही थांबलो.

चाचा टाकीजवळ खाली बसले. डावा हात टाकीवर फिरवत म्हणाले, "पोरगी होती माझी. गाडीवर बसवून नानीकडं सोडायला गेलतो. मी बाहेर बाजंवर झोपलो, ती आत. भूकंप झाला. टाकी पहिल्या दिवशी निघाली. पोरगी तिसऱ्या."

शबाना झाली त्या दिवशी हे नाव त्यांनीच लिहिलं होतं.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती नांदेडसाठी नाही. चाचा मागं, हात माझ्या शर्टात गुंडाळलेला, आणि आम्ही सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "जॅक सटकला. गाडी हातावर आली, टाकी पण घासली."
घरी चाचींनाही तेच सांगितलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नांदेड कॅन्सल. उद्या नऊला ये. हात तू मोडला, आता पाने कोण धरणार?"

काम अडतंय म्हणून प्लॅस्टर त्यांनी वेळेआधीच कापून काढलं. मनगट वाकडंच बसलं.
मग सहा वर्षं ते सांगायचे आणि मी करायचो. चुकलो की डाव्या हातानं पाना फेकून मारायचे. दोनदा डोकं फुटलं. मी शिव्या देऊन, शटर आपटून जायचो. सकाळी परत यायचो.

नांदेडला कधीच गेलो नाही. ती डॉक्टर झाली म्हणे. एसटीवर नांदेडची पाटी दिसली की अजून तोंड फिरवतो.

पण चाचांचं गिऱ्हाईक तुटलं. ज्याला जॅक लावता येत नाही, त्याच्याकडं गाडी कोण टाकणार?
शेजारचे तोंडावर म्हणायचे, "हमीदभाई, आज जॅक बराबर लावला ना?" चाचा हसून "हौ" म्हणायचे.
आणि मी, गल्लीत सगळ्यांच्या अंगावर धावून जाणारा, गप्प.

आज सकाळी चाचांच्या घरी गेलो. चाचा बाजेवर. उदगीरहून आलेला चाचींचा भाऊ त्यांचा हात सरळ करत होता. मनगट वळेना.

"क्या मिस्त्री था," तो बाजूच्याला म्हणाला. "सारी उमर गॅरेज चलाया, जॅक लगाना नै आया."
बाजूचा हसला.

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. मयताच्या घरात. चौघांनी मला मागं ओढलं.

"जॅक सटकला नव्हता," मी म्हणलो. "चाचांनी लावलेला जॅक कधीच सटकला नाही. हात मी मोडला. टाकीवरचं नाव पण मीच घासलं."

चाची कोपऱ्यात बसल्या होत्या. हाताचं त्यांनी काही विचारलंच नाही.

"शबाना का नाम तूने घिसा?"
"हौ, चाची."

त्या उठल्या. कानाखाली एक दिली. मग दुसरी.
"जनाजे कू कंधा नक्को देना. निकल."

दुपारच्या नमाजनंतर जनाजा निघेल. ज्यांच्या ज्यांच्या गाडीला चाचांचा हात लागला, त्यांनी या. माझ्या वाटचा खांदा कोणीतरी द्या. आणि तिथं कोणी जॅकचं काढलं, तर त्याला ही पोस्ट दाखवा.

मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नसतात. म्हणून काहीच म्हणलो नाही. चाचांकडं एकदा बघितलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.