हिप्परग्याच्या तलावातल्या आमच्या सकाळी

काल हिप्परग्याच्या तलावावर गेलो आणि न भिजताच परत आलो...

मागे मोठा ताप आला, त्यात माझा डावा पाय वाळला. मुलींच्या शाळेतली नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. मग विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर म्हणाले, पाण्यात पाय हलवत राहा, कदाचित ताकद येईल. म्हणून दादा दर रविवारी टांगा सांगायचा. तो गिरणीत कारकून, सुट्टी तेवढीच.

दादा बांधापलीकडे टांगेवाल्याशी बोलत बसायचा आणि वहिनी मला पाण्यात न्यायची. तिचं माहेर सीना नदीच्या काठी, पोहणं लहानपणापासूनचं. पण शिस्त कडक! आधी स्वतः उतरून तळ चाचपायची. मग माझ्या पाठीला सुके भोपळे बांधायची, कमरेचा दोर बाभळीला. छातीच्या वर पाणी लागलं की मागे फिरायचं.

"वन्सं, घाबरू नगा. मी हाय की."

पाण्यात माझा पाय जड नसायचा... तेवढा वेळ मी पूर्वीची असायचे. माझं झालं की मला काठावर बसवून ती एकटी लांबवर पोहून यायची.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी पाय पुन्हा तपासला. म्हणाले, आता फरक पडणार नाही, असाच राहणार. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "या रविवारी शेवटचं जाऊन येऊ."

मधले तीन-चार रविवार जाणं झालं नव्हतं, आणि काल बघतो तर उन्हाळ्याने पाणी पार आत गेलेलं. मधे नुसता चिखल. वहिनीने पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत रुतला, कसाबसा ओढून काढला. माझी काठी तिथे काय टिकणार... शेवटचं पाणीसुद्धा माझ्या नशिबात नव्हतं. मी खाली बसले आणि रडू आवरेना.

वहिनी शेजारी बसली. वाटलं, समजूत घालेल. पण तीच हुंदके देऊ लागली.

"लगीन झाल्यापासनं पाण्यात उतरले नव्हते वो मी. तुमच्या पायापायी मिळत हुतं... आता मला कोण सोडणार हाय?"

इतके दिवस मला वाटायचं, या घरात अडकून पडलेली मी एकटीच आहे.

परतताना टांग्यात मी दादाला म्हटलं, "डॉक्टर काही म्हणोत, मला पाण्याने फरक वाटतो. पावसाळ्यात तळं भरलं की पुन्हा येऊ."

दादा "बघू" म्हणाला. वहिनीने पदराखालून माझा हात घट्ट धरला.

फरक काहीच नाही. पाय आज सकाळीही तसाच आहे, लाकडासारखा... पण आता पावसाची वाट मी एकटी बघत नाही, आणि एवढ्यावरच सध्या दिवस ढकलते आहे.