इनासच्या गाडीचे दोन इंच

दारावर मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "बाई, इनास गेलो." मी ताट आणायला वळले होते. तिथूनच विचारलं, "खंय गेलो?" ती पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "गेलो म्हंजे गेलो. शुक्रवारी. ट्रकाखाली काम करत होतो, छातीत कळ इली…" मी तिच्याकडून बांगडे घेतले, धुतले, हळद-मीठ लावून झाकून ठेवले. संध्याकाळी झाकण काढलं तर ते तसेच होते. दिवसभर मी काय करत होते, मला आठवेना.

याला आता सहा आठवडे झाले. इनासच्या जाण्याचं दुःख झालं का, असं कोणी विचारलं तर हो म्हणेन. पण ते कोणत्या नात्याचं, हे मला सांगता येणार नाही. मधली काही वर्षं हा माणूस माझ्यावर रागावलेला आहे असं मी धरून चालले होते. तो का रागावलाय हेही मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. दोन्हींतलं नक्की काय खरं होतं, हे मी आज लिहायला बसले तरी पुरतं उलगडलेलं नाही.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा माझी नेमणूक मालवणच्या उत्तरेला एका खाडीकाठच्या उपकेंद्रात नर्स म्हणून झाली. मी कुडाळकडची. खाडी मी लग्नाच्या वऱ्हाडात होडीतून ओलांडली होती तेवढीच. इथे खाडीच्या मधोमध एक जुवा होता, म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा, आणि त्यावर चाळीसेक घरं. तिथे जायला दगडांची एक बुटकी फरशी होती. ओहोटीला तिच्यावरून सायकल जायची. पावसाळ्यात उधाणाची भरती आली आणि वरून डोंगराचं पाणी मिळालं की फरशीवर मांडीएवढं पाणी चढायचं, आणि त्या ओढीत होडी घालायला कोणी धजायचं नाही. जुव्यावरच्या बाया बाळंतपणाच्या तारखा माझ्याकडे पंचांग बघितल्यासारख्या विचारायच्या. त्यांना तारीख नको असायची, त्या दिवशी भरती किती वाजता हे हवं असायचं.

इनासचं गॅरेज उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. चाळिशीतला, कमी बोलणारा, लग्नानंतर तीन वर्षांतच बायको गेलेली. घरात तो आणि धाकटा भाऊ पावलू, जो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचा. इनासकडे एक परदेशी बनावटीची चारही चाकांना जोर असणारी जीप होती. कुठल्याशा धरणाच्या कामावर परक्या इंजिनीअरांनी आणलेली, काम संपल्यावर भंगारात काढलेली. ती त्याने आणली आणि वर्षभर खपून उभी केली. आपल्याकडच्या जीपना खाली पाटे असतात, हिला अंगठ्याएवढ्या जाड सळईच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा होत्या. जुव्यावरून बोलावणं आलं की इनास ती काढायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं. मला तो पहिल्या दिवसापासून धाकट्या बहिणीला म्हणावं तसं "बाय" म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. परक्या गावात एकटी राहणाऱ्या मुलीला त्या "बाय"चा केवढा आधार वाटतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

दुसऱ्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या आजीला जुलाब-उलट्यांनी घेरलं. तिला गाडीच्या तळाशी चटईवर निजवून आम्ही निघालो आणि फरशीच्या मध्यावर गाडी बंद पडली. पुढचा पंखा पाणी उडवतो, ते ठिणगीच्या डबीवर पडतं आणि इंजिन मरतं, असं इनासने नंतर समजावलं. तेव्हा मात्र पाणी तळातून आत आलं, आजीची चटई भिजली आणि गडी-माणसांनी ढकलत आम्हांला पार केलं. आजी वाचली. काठावर साडीच्या निऱ्या पिळताना मी चिडून म्हणाले, "इनासबाव, ही गाडी वायच वर करूक येवची नाय?"

तो हसला. "बाय, गाडी काय परकर आसा, वर धरूक?"

एवढंच. मी बोलून गेले आणि विसरले. तो विसरला नाही. आठवडाभराने बघते तर गाडी चार दगडांवर उभी, आणि इनास एक स्प्रिंग समोर ठेवून तिच्याकडे बघत बसलेला. त्याने मला शिकवणी दिली. स्प्रिंग आणि तिची वरची वाटी यांच्यामध्ये जाड चकती बसवली की चकतीएवढी गाडी उचलली जाते. नवीन लांब स्प्रिंगा परदेशातून मागवणं आपल्या आवाक्यातलं नाही, चकती मात्र घरी होते. पहिल्या चकत्या त्याने फणसाच्या लाकडाच्या करून घेतल्या. त्या पंधरा दिवसांत तडकल्या. मग गॅरेजातले जुने पिस्टन वितळवले, वाळूत साचा करून ते ओतले आणि कुडाळला लेथवर साफ करून आणले. चार चकत्या, दोन-दोन इंच जाड. ब्रेकच्या नळ्या लांब केल्या. मी म्हटलं, घालायच्याच तर तीन इंचांच्या का नाही? तो म्हणाला, "तीन इंच वर काढलंय तर फिरता दांडो तिरको जाता, जॉइंट खाता. आनी बाय, गाडी जितकी वर, तितकी वळणार भियाची." वळणावर भ्यायचं, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं, ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

दोन इंच म्हणजे किती… बोटाची दोन पेरं. पण त्या पावसाळ्यात गाडी एकदाही फरशीवर अडकली नाही. जुव्यावरच्या बाया माझं नाव घ्यायच्या. "नर्सबायन गाडी वर करून घेतल्यान." मी ते खोडून काढलं नाही. बरं वाटायचं.

त्या थंडीत पावलूने मालवणहून नवं जाळं आणलं, गाडी चालवायला इनास. जाळ्याचे भारे त्याने टपावर बांधले. घाटीच्या उतारावर, जांभ्याच्या कापाजवळच्या वळणावर, गाडी कलंडली. इनासला खरचटलं. पावलूचा डावा पाय खाली सापडला. मी धावत पोचले तेव्हा इनास गाडीला खांदा लावून ती एकट्याने उचलायला बघत होता आणि ओरडत होता, काय ते कळत नव्हतं. पावलूचा पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. रापणीला माणूस वाळूत पाय रोवून ओढतो. ताठ पायाचं तिथे काम नाही.

टपावर भार घातला पावलूने. चकत्या बसवल्या इनासने. आणि "वर करूक येवची नाय?" हे विचारलं मी. मी ही वाटणी मनात किती वेळा केली, गणती नाही. दर वेळी हिशेब वेगळा यायचा. पावलूला हॉस्पिटलातून आणलं त्याच दिवशी इनासने चारी चकत्या काढून टाकल्या. मला काही म्हणाला नाही. मीही काही म्हणाले नाही.

आणि पुढच्या पावसात जुव्यावरून बोलावणं आलं. पहिलटकरीण, पोर आडवं. आम्ही ओहोटीत गेलो, पण तिला आणायला निघेपर्यंत पाणी चढलं होतं. गाडी फरशीत चार हात गेली, खोकली, आणि इनासने ती मागे घेतली. तो म्हणाला, "बाय, मधी मेली तर सगळीच जातली." खरंच होतं. आम्ही तीन तास पाणी उतरायची वाट बघितली. मला येत होतं ते सगळं मी केलं. आई जगली, पोर नाही. मुलगा होता. त्याला मी माझ्या पदरात गुंडाळलं, कारण दुसरं कोरडं काही नव्हतं… पाणी उतरल्यावर पार आलो तेव्हा काठीवर रेललेला पावलू काठावर उभा होता. त्याने ते बघितलं.

चार दिवसांनी मी उपकेंद्राच्या दारात उभी होते. इनास समोरून गाडी घेऊन गेला. ती पुन्हा उंच होती. मी बघत राहिले. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमच्या मनासारखा झाला."

बाई. तुमच्या. "बाय" गेलं होतं, "तू"ही गेलं होतं. माझ्या मनासारखं म्हणजे काय? मी तर काही बोललेच नव्हते. मला वाटलं, तो मला त्या पोराची आठवण करून देतोय. की भावाच्या पायाची? मी विचारायला हवं होतं. सरळ विचारायचं, "इनासबाव, असा कित्याक म्हणतास?" पण मी मान हलवली. आणि मी हलवलेली ती मान त्याने होकार धरली असणार, हे मला आत्ता कळतंय.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथे होते. इनास बोलावल्या वेळी आला, एकदाही नाही म्हणाला नाही. पण "बाय" पुन्हा कधी नाही. माझी बदली झाली तेव्हा माझं सामान त्यानेच गाडीतून पोचवलं. ट्रंक नव्या खोलीत ठेवून तो दाराशी घुटमळला. "बाई, हंय फरशी नाय मां?"

"नाय."

"बरां आसा," म्हणाला, आणि गेला. तीच शेवटची भेट.

इनासला महिना झाला, तेव्हाच्या मिस्साला मी गेले. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. प्रार्थना कोकणीत चालली होती, मला अर्धी कळत होती. बाहेर आल्यावर पावलू म्हणाला, "बाय, गॅरेजात चल. तुका एक सांगूचा आसा." गॅरेजात गाडी उभी होती. पावलूने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः ताठ पाय पुढे पसरून जमिनीवर बसला.

"त्यो चकत्यो मी घातलेलंय," तो म्हणाला. "इनास दोन दिवस गोंयाक गेलेलो. सामान आणूक. मी जॅक लावन, निजान निजान, चारय चाकांक घातलंय. तो येवन बघता तर गाडी वर. माका इचारल्यान, कोणी सांगल्यान? मी तुझा नाव सांगलंय."

"माझा? कित्याक?"

"माझा आयकलो नसतो. माझ्या पायामुळा परत काडून टाकल्यान असत्यो. तुझ्या शब्दाभायर तो जावचो नाय, ह्या माका म्हायत होता." तो ताठ गुडघा चोळायला लागला. "त्या पोराक मी बघितलंय गो, बाय. माझो पाय गेलो तो गेलो…"

मला राग आला की रडू, खरंच सांगते, कळलं नाही. म्हणजे इनासला वाटत राहिलं, की ज्या बाईला त्याच्या भावाचा मोडलेला पाय दिसत होता, तिनेच त्याच्या पाठीमागे त्याच भावाला गाडीखाली निजवून चकत्या बसवून घेतल्या. आणि असं वाटूनही त्याने त्या काढल्या नाहीत. माझा शब्द म्हणून ठेवल्या. "बाय" काढून घेतलं, आणि चकत्या ठेवल्या. याला राग म्हणायचं की दुसरं काही? पावलूला मी म्हटलं, "तेका कधीच खरां सांगलंस नाय?" तो म्हणाला, "रोज सांगूया म्हणी होतंय. मगे पाऊस येय, कोणतरी जुव्यारसून हाक मारी, गाडी पार जाय. मगे म्हणा, ऱ्हवांदे."

किती जण पार गेले, त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जुव्याला पूल होणार म्हणून माणसं येऊन मोजमाप करून गेली आहेत. पूल अजून नाही. गाडी आता पावलू चालवतो. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून सीट मागे सारून क्लच अख्ख्या पायाने, कमरेतून दाबतो. तो उठला, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता खरांच तू सांग. चकत्यो ठेवू काय काडू? माका वळणार भय दिसता. खोटा कित्याक बोलू."

मी नर्स आहे, मेकॅनिक नाही. पण या खेपेला गप्प बसून मान हलवायची नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "ठेव. टपार काय घालू नको. आनी वळणार सावकाश." तो "बरां" म्हणाला. मी बरोबर सांगितलं का? ज्या दिवशी पूल होईल त्या दिवशीच मला सुटल्यासारखं वाटेल, तोवर नाही.

मला एस.टी.पर्यंत सोडायला पावलूने गाडी काढली. मागे चर्चमधून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. जांभ्याच्या कापाजवळचं ते वळण आलं आणि पावलूने गाडी चालण्याच्या वेगावर आणली. मागच्या म्हाताऱ्या काही न सांगता उठून डाव्या बाजूला, डोंगराकडे सरकल्या. मीही सरकले. पावलूने वळण पार केलं आणि म्हणाला, "इनासान लावलेली सवय. पाद्री असले तरी सांगी होतो, डोंगराकडे सरा." मला आठवलं. शेवटच्या दोन वर्षांत तो मलाही सांगायचा. "बाई, डोंगराकडे सरा." बाकी काही बोलायचा नाही, पण हे कधी चुकला नाही.

परवा कुडाळहून येताना एस.टी. घाटीच्या वळणावर कलली आणि मी शेजारच्या बाईच्या अंगावर जवळजवळ बसलेच. ती दचकून म्हणाली, "काय झाला गो?"

"काय नाय," मी म्हटलं. "वायच डोंगराकडे सरलंय."