पाखरू प्लॉटिंगमध्ये ऱ्हायला गेलं

“मॅडम, तुमचं पाखरू माझ्या चौदा नंबरच्या प्लॉटमध्ये ऱ्हायला आलंय. टोकन घेऊ का त्याच्याकडनं?”

सकाळी सकाळी बापूचा फोन. बापू म्हणजे आमच्या माळाला लागून प्लॉटिंग करणारा एजंट. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आणि जीभ अशी की वाळूचा ढीग दाखवून समुद्रकिनारा विकेल. मला वाटलं चेष्टा करतोय. तरी जीप काढली. केडगावहून आमचा माळ बराच लांब, इनामगावच्या अलीकडं. पण त्या दिवशी माझी म्हातारी जीप अशी सुटली की रस्त्यातले खड्डे आपणहून बाजूला झाले.

बापू खरं बोलत होता. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

चौदा नंबरच्या प्लॉटमध्ये, जेसीबीनं खरवडलेल्या उघड्या जमिनीवर, धाविकाची जोडी उभी होती. धाविक म्हणजे टिटवीपेक्षा लहान, विटकरी छातीचा, डोळ्यांवरून काळी-पांढरी पट्टी गेलेला पक्षी. उभा राहतो तो नव्यानं बदली होऊन आलेल्या तलाठ्यासारखा ताठ. आणि पळायला लागला की पाय दिसतच नाहीत, जमिनीवरून बशी घरंगळत गेल्यासारखा जातो. पूर्वी आमच्याकडच्या माळांवर हा सहज दिसायचा. आता दिसला तर मी रजा टाकून बघायला जाते.

आणि हा पक्षी आत, आमच्या चाळीस एकरांत दिसावा म्हणून मला पगार मिळतो.

माझं काम थोडक्यात सांगते. व्हिजिटिंग कार्डावर ‘हॅबिटॅट मॅनेजर’ असं आहे, गावात ‘गवताच्या बाई’ म्हणतात. एखाद्या जागेवर जे पशुपक्षी पूर्वी राहायचे, त्यांना तिथं पुन्हा राहावंसं वाटेल अशी ती जागा करून द्यायची. म्हणजे धंदा बापूचाच. फक्त माझी गिऱ्हाईकं पैसे देत नाहीत आणि आवडलं नाही तर सांगतही नाहीत.

गावानं गायरानाचा हा तुकडा एका कंपनीच्या फाउंडेशनला करारानं दिला होता. वेडी बाभूळ उपटायची, माळाचं मूळचं गवत परत आणायचं, धाविकाला परत आणायचं. हेड ऑफिसच्या प्लॅनमध्ये ठळक अक्षरांत होतं: कुंपण आणि पूर्ण चराईबंदी. ते आम्ही असं पाळलं की विचारू नका. आमचे वॉचमन निवृत्ती आप्पा, जुने पैलवान. शिट्टी आणि काठी घेऊन कुंपणावर उभे राहिले की मेंढरं तर सोडाच, ढगसुद्धा वळसा घालून जायचे. गवत आलं. इतकं आलं की आप्पा एकदा आत शिरले ते वाट चुकून थेट घोडनदीच्या काठाला निघाले, असं ते स्वतः सांगतात.

आणि होता तेवढा धाविकही गेला. जाणारच. तो पळणारा पक्षी. पळत पळत किडे टिपतो आणि उघड्या जमिनीवर अंडी घालतो. कमरेएवढ्या गवतात त्यानं पळायचं कुठं? आम्ही त्याला राजवाडा बांधून दिला होता, पण फरशीवर पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. शेजारी बापूनं जेसीबीनं सगळं खरवडून काढलं, आणि पाखरू तिकडं शिफ्ट झालं.

“मुरूम कधी टाकणार?” मी बापूला विचारलं.

“मुरूम आलाय. रोलर यायचाय. गिऱ्हाइकाला रस्ता दिसला पायजे, मॅडम. पाखरू बघून कोण पैसे देतंय?”

म्हणजे हिशेब सरळ होता. अंडी घालायचे दिवस तोंडावर. जोडीनं प्लॉटमध्ये अंडी घातली तर ती रोलरखाली जाणार. आणि मार्च संपताना मुंबईचे मोठे साहेब माळ बघायला येणार होते. आत धाविक दिसला तर करार वाढणार, नाहीतर प्रोजेक्ट बंद. बंद झालेल्या माळाचं पुढं काय होतं ते बापूच्या डोळ्यांत आधीच दिसत होतं. तो कुंपणापलीकडं बघायचा तेव्हा मनात प्लॉट पाडत असायचा.

उपाय एकच. आतलं गवत पट्ट्यापट्ट्यानं खाली आणायचं. सगळं नाही, लाव्यासारख्या पाखरांना उंच गवत लागतं, त्यांना त्यांचं ठेवायचं. मशीन दगडांमुळं चालत नाही. गावातल्या बायकांना सांगितलं, कापा आणि घेऊन जा. बायकांनी असं कापलं की दोन पट्टे मोकळे व्हायच्या आत गावातल्या म्हशी माझ्याकडं बघून हसायला लागल्या. पण कापलेल्या गवताचे खुंट राहतात, पालापाचोळा राहतो. ते खायला आणि तुडवायला मेंढरंच पाहिजेत.

आमच्याकडं मेंढरं ‘बसवायची’ पद्धत आहे. शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, कळप रात्री रानात बसतो, जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं. दोन-तीन रात्रींनी वाडा, म्हणजे मेंढपाळाचा मुक्काम, पुढं सरकतो. मला तेच पाहिजे होतं, फक्त कांद्याच्या रानाऐवजी माळावर.

पण परवानगी? पुण्याच्या ऑफिसात साने सर. माणूस सज्जन, पण ‘चराई’ शब्द ऐकला की त्यांना ॲसिडिटी होते. मी विचार करून फोन केला.

“सर, बायोमास कमी करायला मोबाईल ग्रास-कटिंग युनिट्स लावायचीत.”

“रेंटवर?”

“हो. लोकल व्हेंडर आहे.”

“डिझेल किती?”

“शून्य, सर. स्वतःच्या एनर्जीवर चालतात.”

“अरे वा. सोलर?”

“शेवटी सगळं सूर्यावरच चालतं, सर.”

“एमिशन?”

“थोडं आहे. पण ऑरगॅनिक.”

सर खूश. म्हणाले, साहेब आले की दाखवू. मी पुढचं बोलले नाही. माणसाला एका फोनमध्ये किती आनंद द्यायचा यालाही मर्यादा असते.

आता व्हेंडर. पूर्वी मेंढरं राखणारी घरं आता बहुतेक कांद्यात आणि झेंडूत स्थिरावलीत. पंचक्रोशीत कळप राहिला होता तो एकट्या सोपानमामांचा. गेली दोन वर्षं आप्पांनी ज्या मेंढरांना कुंपणावरून हाकललं होतं, तीच ही मेंढरं. मामा ज्वारीच्या रिकाम्या रानात कळप घेऊन बसले होते. मी जाऊन सगळं सांगितलं.

“निवृत्ती हाय का अजून तिथं?”

“आहेत.”

“मग न्हाई.”

“मामा, मी सांगते ना त्यांना.”

“ताई, दोन साल त्यानं माझ्या मेंढरास्नी शिट्ट्या मारल्यात. एक मेंढी तर आजूक लग्नाच्या बँडला बिचकती.”

“मग काय करायचं?”

मामांनी डोक्यावरचं पागोटं नीट केलं. “त्यानं सवता गेट उघडायचं. आन् ‘या’ म्हनायचं.”

“तुम्हाला?”

“मला कशाला? मेंढरास्नी. अपमान त्यांचा झालाय.”

मी परत आले. आप्पा गेटवर, युनिफॉर्म कडक, मिशा त्याहून कडक.

“ज्या तोंडानं ‘हाऽऽईक, भाईर’ म्हटलं, त्याच तोंडानं ‘या’ म्हनू? ड्युटीत बसत न्हाई, मॅडम.”

“आप्पा, तुमची ड्युटी काय?”

“मेंढरं भाईर ठिवायची.”

“कशासाठी?”

“पाखरू आत ऱ्हावं म्हनून.”

“पाखरू कुठंय?”

आप्पांनी बराच वेळ बापूच्या प्लॉटिंगकडं बघितलं. “भाईर,” ते म्हणाले. मग खिशातून किल्ली काढली.

दुसऱ्या दिवशी मामा कळप घेऊन आले. बातमी फुटली होती; अर्धा गाव कुंपणाला टेकून उभा होता, आणि बापू गाडीच्या बॉनेटवर. आप्पांनी गेट उघडलं. दाढ काढताना माणूस जसा आवाज काढतो तशा आवाजात म्हणाले, “या.”

एकही मेंढरू हललं नाही.

“जोरात म्हना,” मामा म्हणाले.

“या.”

पुढची मेंढी दोन पावलं मागं सरकली. तिच्यामागं सगळा कळप. दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं ते. या माणसाचा आवाज आला की मागं फिरायचं, हे त्या कळपाला दूध पिताना शिकवलं गेलं होतं.

“त्येंस्नी हा खाकी शर्ट चालत न्हाई,” मामांनी निदान केलं. “आन् ती शिट्टी.”

आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. मग शर्ट काढला. बनियनवर उभा राहिलेला तो पैलवान बघून कुंपणावरच्या पोरी हसल्या. मामांनी खांद्यावरचं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. “आता पाठ करा आन् चालायला लागा. मागं बघू नगा.”

आप्पा चालायला लागले. पहिली मेंढी घोंगड्याचा वास घेत निघाली, आणि तिच्यामागं कळप असा आत लोटला की धुळीचा लोट दौंड जंक्शनवरून दिसला असणार. स्टेशनमास्तरनं एखादी गाडी थांबवली असेल तर त्याबद्दल मी दिलगीर आहे.

वाडा पट्ट्यापट्ट्यानं सरकत गेला. मेंढरं उठून पुढं गेली की मागं खुरटं गवत, मोकळी माती आणि लेंड्या. मी रोज सकाळी ट्रान्सेक्ट चालायचे, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत दोन्ही बाजूंना काय दिसतंय ते मोजायचं. बरेच दिवस शून्य. तिकडं रोलर आला. चौदा नंबरपासून चार प्लॉट लांब उभा राहिला. बापूला मी थांब म्हटलं, तर तो म्हणाला, “मॅडम, रोलर तासावर असतो. तुमचं पाखरू फुकटात ऱ्हातंय.”

एका सकाळी रोलर सुरू झाला. आणि त्याच सकाळी मेंढरांनी सोडलेल्या दुसऱ्या पट्ट्यात दोन ताठ तलाठी उभे. एकानं मला बघितलं, बशी घरंगळली, थांबली, किडा टिपला. मी जीपच्या आड बसून रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.

संध्याकाळी बापू तक्रार घेऊन आला. “आमचं गिऱ्हाईक फोडलं तुम्ही. मी फ्लेक्सवर फोटो छापला हुता, ‘दुर्मीळ पक्ष्यांचा शेजार’.” फ्लेक्स मी बघितला होता. त्यावर फ्लेमिंगो होता.

मार्च संपताना साहेब आले. पांढरे बूट, गळ्यात दुर्बीण, सोबत साने सर. मेंढरं तेव्हा माळाच्या लांबच्या टोकाला होती, पण वारा त्यांचा वास घेऊन आमच्याकडं येत होता.

“ही... युनिट्स?” साने सरांचा आवाज बारीक झाला.

“फुल चार्ज आहेत, सर.”

साने सर पांढरे पडले. साहेबांना काही कळलं नाही, ते दुर्बीण लावून सरळ पुढं चालत निघाले. नेमके दुसऱ्या पट्ट्यात. तिथं अंडी होती. धाविक घरटं करत नाही, जमिनीवरच घालतो, आणि अंडी अशी ठिपक्याठिपक्यांची की लेंड्यांत ठेवली तर आईलाच सापडतात. मी “सर, सर” म्हणत मागं धावले. मोठे साहेब, त्यांना एकदम ओरडून कसं सांगायचं? माझी नोकरीची जीभ अडखळली.

आप्पांची अडखळली नाही. मी परत दिलेली शिट्टी वाजली. काठी आडवी झाली. “हाऽऽईक. हाऽऽईक, भाईर. भाईर म्हंतो ना. मागं व्हा.”

साहेब थबकले. एक पाऊल मागं. मग दुसरं. आप्पा दोन्ही हात पसरून, तोंडानं च्याक च्याक करत त्यांना वळवत होते. साने सरांचा संबंध नव्हता, तेही साहेबांच्या मागोमाग वळले. दोघं थेट जीपला टेकेपर्यंत आप्पांनी सोडलं नाही.

मी साहेबांना दुर्बीण कुठं धरायची ते दाखवलं. थोड्या वेळानं मादी पळत आली, थांबली, पळाली, आणि साहेबांच्या बुटाच्या ठशाशेजारी अंड्यांवर बसली.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तिथं लेंड्या कुणी टाकल्या?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. “प्लॅनमध्ये चराईबंदी आहे,” ते म्हणाले.

“साहेब, इनामगावला उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची मेंढरांची हाडं निघालीत. हे गवत त्यांना आपल्या प्लॅनच्या आधीपासून ओळखतं. बंदी नको, पाळी ठरवू. कधी आत, कधी बाहेर.”

साहेबांनी साने सरांकडं बघितलं. साने सरांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली. “युनिट्स सोलर आहेत, सर,” ते म्हणाले.

करार वाढला. पिल्लं बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागली. प्लॅनमधून ‘पूर्ण’ हा शब्द गेला आणि त्याजागी मेंढरांचं वेळापत्रक आलं. बापूच्या चौदा नंबरवर आता डांबरी रस्ता आहे.

एवढी वर्षं माळ राखून मला कळलं ते असं: चरणाऱ्या जनावरापासून माळ वाचवता येतो, पाहणीला आलेल्या माणसापासून वाचवणं अवघड. म्हणून हल्ली कुणी माझ्याकडं कामाला आलं, की मी पाखरांची नावं विचारत नाही. विचारते, साहेबाला हाकलता येतं का?