पटावरून कमी केलेल्या मुली

शाळेच्या समितीचं पत्र सोमवारी हातात पडलं आणि बैठक शनिवारी होती. संध्याकाळी पाच ते सात त्यांच्या मैदानावर आम्ही शेजारच्या वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवायचो. त्याला चार वर्षं होत आली होती. या चार वर्षांत वस्तीत नेमका काय फरक पडला, ते समितीला कागदावर हवं होतं. शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगितल्यासारखं, एका क्रिकेट अकादमीनंही संध्याकाळचं मैदान मागितल्याचं लिहिलं होतं.

मैदान गेलं तर मुलींना दुसरी जागा नव्हती. गाझियाबादच्या त्या भागात मोकळी जागा म्हणजे एक तर कुणाचा तरी प्लॉट, नाही तर नाल्याचा काठ.

आम्ही म्हणजे कागदोपत्री मराठी मंडळाची क्रीडा समिती, प्रत्यक्षात दोन माणसं. एक हवालदार, साताऱ्याकडचे, दिल्ली छावणीतून निवृत्त होऊन मुलाजवळ राहिलेले. आणि मी, तेव्हा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मैदान त्यांचं, कागद माझे. हजेरी मी ठेवायचे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीच्या धावण्याची वेळ, उंची आणि वजन घ्यायचे, आणि जुलैत एकच प्रश्न विचारायचे: शाळेत जातेस ना? हवालदार मला चिडवायचे की ताईंच्या वहीत पोरी जास्त पळतात, मैदानावर कमी.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी अहवाल तयार होता. पटावर एकतीस मुली, एकतीसच्या एकतीस शाळेत. शंभर टक्के. मी दोनदा पडताळून पाहिलं, कारण शंभर टक्के माझ्या आयुष्यात फारसं काही आलेलं नाही.

बुधवारी सरावाच्या वेळी कागद हवालदारांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नावांवरून बोट फिरवत नेलं, खालपर्यंत, मग पुन्हा वर.

"ताई, ह्यात ती डावरी कुठंय?"

डावरी मला आठवत होती. खांबाला वळसा घालताना तिला पकडणं कुणाला जमत नसे. मी सांगितलं की ती सलग तीन आठवडे आली नाही, म्हणून नाव कमी केलं.

"मग ती शाळेत जाते का, हे कोण विचारणार?"

त्यांनी कागद घडी घालून परत दिला आणि शिट्टी वाजवली. मी बाकावर बसले.

चूक माझ्या ऑफिसची होती, म्हणजे माझीच. सेक्शनमध्ये माणसाची बदली झाली की पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव उतरवायचं नाही, एवढा साधा नियम. पट स्वच्छ राहतो. गेलेला माणूस दुसऱ्या कुठल्या तरी पटावर असतोच, त्याची काळजी तिकडचे लोक करतात. चार वर्षं मी दर महिन्याला नवी, स्वच्छ यादी करत होते. जी टिकली तिला विचारत होते, टिकलीस का? उत्तर दुसरं काय येणार!

जुने पट मी फेकत नाही, एवढं बरं. घरी जेवणाच्या टेबलावर सगळे मांडले आणि गळालेली नावं वेगळ्या कागदावर काढली. सव्वीस निघाली. नवऱ्यानं ताट हातात धरून विचारलं की आज उभ्यानंच जेवायचं आहे का. मग कागदाकडे बघून म्हणाला, समितीनं या मुलींबद्दल विचारलेलंच नाही, तू कशाला सांगतेस? ते मलाही सुचलं होतं. खरं म्हणजे तेच आधी सुचलं होतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी अर्धी अर्धी रजा टाकली. हवालदार आणि मी वस्तीत फिरलो. माझ्याकडे पत्ते होते, पण वस्तीत पत्ते चालत नाहीत, आईचं काम चालतं: कोठीवाली म्हणजे बंगल्यांत धुणीभांडी करणारी, कपडे प्रेसवाली, नोएडाच्या फॅक्टरीत जाणारी. तीन कुटुंबं गावी परत गेली होती. दोघींची लग्नं झाली होती, त्यातली एक माझ्या हिशेबानं अजून पंधराची नव्हती. मागच्या गल्लीतल्या चौघी एकाच महिन्यात गेल्या होत्या, कारण पाण्याचा टँकर साडेपाचला येऊ लागला होता. चार वर्षं मी त्यांची धावण्याची वेळ सेकंदात मोजली आणि टँकरची वेळ मला माहीत नव्हती.

डावरी शुक्रवारी सापडली. दारात बसून आईबरोबर शर्टांचे सुटे धागे कापत होती, शेजारी तयार शर्टांचा ढीग. हवालदारांना बघून उठली, मला बघून पुन्हा बसली. मी विचारलं, शाळा? तिनं नकारार्थी मान हलवली. दीड वर्ष झालं. खो-खो का सोडला, विचारलं तेव्हा तिनं कात्री खाली ठेवली.

"छोड़ा कहाँ, आंटी. आपने ही तो नाम काट दिया था."

मग कळलं ते असं. आजी वारली म्हणून ती महिनाभर गावी गेली होती. परत आल्यावर मैदानावर आली, माझी वही बाकावर होती, त्यात नाव नव्हतं. इकडच्या शाळांत फार दिवस गैरहजर राहिलं की नाव कापतात, आणि नाव कापलं म्हणजे बाहेर, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ती फाटकातूनच परत गेली होती. नंतर काही महिन्यांनी शाळेतही तेच झालं, तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं नाही.

"अरे, मुझसे पूछती तो," हवालदार म्हणाले.

"सर, आप तो सीटी बजा रहे थे," ती म्हणाली, आणि तिची आई हसली. मला हसता आलं नाही. मी तिला सांगितलं की सोमवारपासून ये. मैदान सोमवारी आपलं असेल की नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

त्या रात्री मी अहवाल पुन्हा लिहिला. पहिल्या पानावर एकतीस, दुसऱ्या पानावर सव्वीस, त्यातल्या शोध लागलेल्या पंधराजणींचा तपशील, कारणांसह. शंभर टक्के खोडलं. खोडताना बरं वाटलं असं म्हणणार नाही. मला सकाळपर्यंत एकच दिसत होतं: मैदानावर क्रिकेटच्या जाळ्या, आणि फाटकाशी एकतीस मुली.

बैठकीत पाच जण होते. दुसरं पान वाचून अध्यक्ष हिंदीत म्हणाले की मॅडम, लोक आपली चांगली बाजू घेऊन येतात, तुम्ही हे काय आणलंत? मी टँकरचं सांगितलं. सराव एक तास पुढे नेला तर मागच्या गल्लीतल्या मुली येतील, हे सांगितलं. नाव कमी करण्याचा नियम माझा होता आणि तो मी बंद केला आहे, हेही सांगितलं. एका सदस्यानं विचारलं की चार वर्षं तुमची यादी चुकली, मग ही बरोबर कशावरून? मी म्हटलं, घरं दाखवते, चला. कुणी उठलं नाही.

मला आणि हवालदारांना बाहेर बसवलं. वीसेक मिनिटांनी शिपायानं आत बोलावलं. मैदान जानेवारीअखेरपर्यंत मिळणार होतं. आठवड्यातून तीनच दिवस, सहा ते सात. बाकीचे दिवस अकादमीला. जानेवारीत पुन्हा अहवाल, दोन्ही पानांसकट, आणि तेव्हा पुढचं ठरेल.

फाटकाबाहेर हवालदार शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले. तीन दिवसांत संघ कसा उभा राहणार, हाच विचार त्यांच्याही डोक्यात असणार. अकादमीची गाडी आमच्यासमोरच आत शिरली. मग त्यांनी विचारलं, "सापडायच्या किती राहिल्या?"

"अकरा."

"उद्या रविवार हाय. आया घरी असतील."

मी म्हटलं, सकाळी सात वाजता निघू.