लाल दिवा लागलेला असताना

आमच्या अस्लाकला मार खाताना मी तो पाळण्यातून उतरल्यापासून बघितलंय. माझ्या बहिणीचा धाकटा. बाप दोरीच्या टोकाने मारायचा, आणि बाप मासेमारीला गेला की मोठा भाऊ तोर्ग्रिम बापाची जागा घ्यायचा. शाळेत बाईंनी विचारलं की अस्लाकचं ठरलेलं उत्तर, "पडलो." होडीवरून पडलो, जिन्यावरून पडलो, कुंपणावरून पडलो. अख्ख्या शेल्विक गावात एवढं पडणारं दुसरं पोर नव्हतं, आणि ते सगळ्यांना खरं वाटायचं. म्हणजे वाटतंय असं दाखवायचे मेले. घरातलं घरात ठेवायचं, ही आमच्या खाडीवरची रीत.

मोठा झाल्यावर तो खाडीतल्या सॅमन मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला लागला आणि उरलेल्या वेळात ड्रम बडवायला लागला. बडवायला हाच शब्द. त्यांचं त्रिकूट होतं. सुनिव्हा सॅक्सोफोन फुंकायची, एडविन माणसापेक्षा उंच बास वाजवायचा. सूर ठरवायचे नाहीत, ताल ठरवायचा नाही, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. जॅझ म्हणे! मी म्हणायची, "अरे, काही ठरलेलं नाही तर बसता कशाला वाजवायला?" अस्लाक हसायचा. "मावशी, तू वॉफल भाज. त्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

माझा नवरा गेल्यापासून आमचं होडीघर रिकामं पडलं होतं, ते मी त्यांना दिलं. पुढच्या खोलीत सुनिव्हा आणि एडविन. मागच्या, जाळ्यांच्या खोलीत दार लावून एकटा अस्लाक, कारण त्याच्या दणदणाटात बाकीचे बुडून जायचे. एकमेकांना ऐकायचं ते हेडफोनमधून. मधल्या दारावर ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा. तो लागला की कोणी आत यायचं नाही, कोणी थांबायचं नाही, आणि एकदा वाजलं ते पुन्हा वाजवायचं नाही, कापायचंही नाही. खुर्ची पडली तर ती खुर्चीसुद्धा अल्बमवर. एकदा मी कॉफी घेऊन आत गेले तर सुनिव्हा माझ्यावर अशी खेकसली की मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

पहिल्या अल्बमवर अस्लाकने एका तुकड्याला नाव दिलं, 'बापाचे बूट'. जिना चढणारे ठोके, मग थोडी शांतता, मग जे काही सुरू होतं ते ऐकवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राजधानीतल्या पेपरात कौतुक छापून आलं आणि ते तोर्ग्रिमने वाचलं. दुकानात ब्रेडच्या फळीपाशी त्याने मला गाठलं.

"मावशी, सांग त्याला. आमच्या घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस म्हणावं."

"तूच सांग की. तुला तोंड नाही?"

"मी सांगेन तेव्हा तोंडाने नाही सांगणार," तो म्हणाला, आणि ब्रेड घेऊन गेला.

दुसरा अल्बम करायला ते शरदात बसले. दुपारची वेळ. होडीघराला लागूनच माझं स्वयंपाकघर, खिडकीतून धक्का दिसतो. मी पीठ फेटत होते. आतून अस्लाकचा दणदणाट चालू झाला, झांजा कोसळल्या, लाकूड फुटल्यासारखं वाजलं, मग तो ओरडला. तो वाजवताना ओरडतोच. शेजारचा ओलुफ कुत्रा घेऊन चालला होता, तो खिडकीत डोकावून म्हणाला, "आज रंगात आलाय की तुझा भाचा!"

मी हसले. आणि तेवढ्यात धक्क्याला तोर्ग्रिमची होडी दिसली. इंजिन चालूच. जाळ्यांच्या खोलीचं पाण्याकडचं दार सताड उघडं. अस्लाक दार उघडं ठेवून कधीच वाजवत नाही.

चुलीवर उकळणारी कॉफीची किटली हाताला लागली ती तशीच घेऊन मी धावले. पुढच्या खोलीत सुनिव्हा डोळे मिटून जीव तोडून फुंकत होती. एडविन घामाघूम, चेहऱ्यावर हसू. मला बघून त्याने हात केला, थांब, थांब, लाल दिवा आहे! गेला खड्ड्यात तुझा दिवा! मी दार ढकललं.

अस्लाक फुटलेल्या ड्रममध्ये आडवा पडला होता. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं होतं. तोर्ग्रिमने त्याच्या मनगटावर बूट रोवला होता आणि माझ्या नवऱ्याचं वल्हं दोन्ही हातांनी उचलून तो त्या उजव्या पंजावर घालत होता. तोंडातून एक शब्द नाही. एक घाव, एक श्वास, पुन्हा घाव. बाप अगदी असाच मारायचा.

"तोर्ग्रिम! सोड त्याला! सोड, राक्षसा!"

उकळती कॉफी मी त्याच्या तोंडावर फेकली. तो गुरासारखा ओरडला, वल्हं फिरवलं, माझ्या खांद्यात कडकन आवाज झाला. मग तो पाण्याकडच्या दाराने निघून गेला. जमिनीवर अस्लाकचे हेडफोन पडले होते. त्यातून सुनिव्हाचा सॅक्सोफोन अजून येत होता.

नंतर तिला कोणी आवरू शकेना. "तो ओरडत होता, आणि मी त्याला सुरात उत्तर देत होते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

इस्पितळात पोलीस आला, हालवार. अस्लाक म्हणाला, "पडलो. ड्रमवर पडलो."

माझं डोकंच फिरलं. "आणि माझा खांदा? मी पण पडले का रे?"

"मावशी, तू काही सांगितलंस तर मी तुला खोटी पाडीन."

तरी मी सांगितलं. पण ज्याचा हात मोडला तोच नाही म्हणतोय म्हटल्यावर हालवारने वही मिटली. वर तोर्ग्रिम भाजलेलं थोबाड घेऊन गावभर सांगत फिरला की म्हातारीला वेड लागलंय. आणि लोकांनी माना डोलावल्या. माझा असा जळफळाट झाला!

अस्लाकची दोन बोटं पुन्हा मिटलीच नाहीत. तो कोणाशी बोलेना. अल्बमचं नाव काढलं की "पुसून टाका" म्हणायचा. शेवटी हिवाळ्यात एडविन ते ध्वनिमुद्रण घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. "एकदा ऐक, मग पुसू. नाहीतर मावशीने दार उघडायच्या आधी कापतो. कोणाला कळायचंही नाही."

अस्लाक खाली मान घालून ऐकत राहिला. घाव, किंकाळ्या, आणि त्यांच्यावर बेभान झालेला सॅक्सोफोन. मग दार आपटलं आणि माझा आवाज आला, सोड त्याला. अस्लाकने मान वर केली.

"पुन्हा लाव." एडविनने लावलं. "मावशी, हे तू ओरडलीस?"

"मग काय ओलुफ ओरडला?"

"मी शुद्धीत नव्हतो. मला माहीतच नव्हतं. एवढ्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं गं."

मीही नव्हतंच म्हटलं कधी. त्याने बाहीने डोळे पुसले आणि एडविनला म्हणाला, "काही कापायचं नाही. जे वाजलं ते राहील. आणि जो जो वाजला त्याचं नाव कव्हरवर."

वसंतात अल्बमची खोकी आली. पहिली तबकडी त्याने माझ्या हातात ठेवली. मागच्या बाजूला नावं होती. सुनिव्हा, सॅक्सोफोन. एडविन, बास. अस्लाक, ड्रम. त्याखाली तोर्ग्रिम, वल्हं. आणि सगळ्यात शेवटी, गुनव्होर, दार. ती मी.

"अरे, हे सगळं गाव वाचेल."

"वाचू दे."

आठवड्याच्या आत हालवार माझ्या दारात उभा. हातात तीच तबकडी. टेबलाशी अस्लाक होता, त्याच्यासमोर बसला, कॉफीला हात लावला नाही.

"अस्लाक, हे वल्हं म्हणजे काय?"

"लिहिलंय तेच."

"पण तेव्हा तर तू म्हणालास की पडलो."

अस्लाकने उजवा हात टेबलावर ठेवला, न मिटणाऱ्या बोटांसकट.

"नाही," तो म्हणाला. "मी आयुष्यात कधीच पडलो नव्हतो."