आपला पडला, तुमचा नाही

आमच्या काकूंना गल्लीत सगळे ‘भाववाल्या काकू’ म्हणत. लोक कौतुकाने म्हणतात असं त्यांना वाटायचं, आणि त्यांचा तो समज मोडायची माझी कधी छाती झाली नाही.

काकू कपडे उसवून-शिवून मापात बसवून द्यायच्या. दुकान भाड्याचं, एक मशीन, एक इस्त्री, आणि काजं-बटणांना मी. रस्त्यापलीकडे परकं चलन बदलून देणाऱ्याचं दुकान होतं. तो रोज सकाळी दाराशी काळा बोर्ड टांगायचा आणि त्यावर खडूने आकडा लिहायचा. काका परदेशात गोदीत वेल्डर होते. रविवारी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, “भाव काय?” कशी आहेस, हे त्यानंतर.

एकदा काकू म्हणाल्या, “अहो, त्या बोर्डाचा भाव विचारता, मला कधी भाव देणार?” काका असे खदखदून हसले की मला बाजूला बसून ऐकू आलं.

काकांच्या विचारण्यालाही कारण होतं. तिथली एक नोट मोडली की इथले चाळीस मिळायचे, आणि वर्षानुवर्षं चाळीसच. सरकारने तो आकडा बांधून ठेवला होता. देश बाहेरून आणायचा ढीगभर आणि बाहेर विकायचा चिमूटभर, मधली तूट तिजोरीतल्या परक्या नोटांनी भरायची. तिजोरी आटत चालली होती, तरी बोर्डावर चाळीस. “सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही,” बोर्डवाला काकूंना म्हणायचा, “हे एक दिवस सुटणार.” काकांनी त्यावरच हिशेब मांडला होता. “शंभर झाला की मी आलोच म्हणून समज. हे दुकान विकत घेऊ, बाहेर तुझ्या नावाची पाटी लावू.”

पाटीचं काकूंना काही पडलं नव्हतं. त्यांना माणूस घरी हवा होता. काकांचा करार संपत आला होता. परत यायचं की पुन्हा सही करायची, एवढंच उरलं होतं. काकूंनी त्यांच्या दोन जुन्या पँटींची कंबर सैल करून ठेवली होती. “आता पोट सुटलं असणार,” म्हणाल्या.

आणि ते सुटलं. सकाळी रेडिओवर बातमी आली की आपलं चलन कोसळलं, सरकारने हात वर केले. बोर्डवाल्याने चाळीस पुसून एकशे दहा लिहिलं. गल्लीत रडारड. औषधाच्या दुकानाला रांग, पावाच्या दुकानाला कुलूप. जो येईल तो आमच्या दारात एकच म्हणायचा, “पडला हो, भाव पडला.” काकूंनाही रडू येत होतं, आणि आतून इतका आनंद होत होता की त्यांना त्याची लाज वाटत होती. त्या दिवशी सगळं जग फोनला चिकटलेलं. दुपारी कसाबसा काकांचा फोन लागला.

“पडला हो!” काकू ओरडल्या. “एका रात्रीत पडला!”

“किती?”

“अर्ध्याच्याही खाली! सगळे रडतायत इथे!”

काका हळूच म्हणाले, “बरं.” आणि फोन तुटला.

“गहिवरले बाई,” काकू मला म्हणाल्या आणि त्या पँटींना इस्त्री करायला लागल्या.

रविवारी काका म्हणाले, “दोन वर्षांची सही केली. एवढा पडल्यावर येऊन काय करणार?”

“अहो, एकशे दहा झालाय!”

“तूच म्हणालीस, पडला!”

“आपला पडला हो, तुमचा नाही!”

काका म्हणाले, “आपला आणि तुमचा वेगळा कधी झाला गं?”

मला आजही कुणाकुणाचा राग येतो. बोर्डावर एकाच बाजूने आकडा लिहिणाऱ्याचा येतो. रेडिओवर आपल्या बाजूने बोलणाऱ्याचा येतो. आकडा चढला म्हणजे आपण पडलो, हे काय सरळ माणसाने बोलायचं बोलणं आहे? काकूंनी इतकी वर्षं इमानाने आकडा सांगितला, आणि नेमका त्या दिवशी आकडा न सांगता रेडिओची बातमी सांगितली. करार मोडायचा तर दंड, आणि पासपोर्ट गोदीच्या कचेरीत. “दोन वर्षं काय, जातील,” काका म्हणाले. त्यांनीच समजूत घालायची आणि त्यांनीच नाक ओढायचं, असा तो फोन.

त्या शंभराचं पुढे काय झालं, तेही ऐका. दोरा बाहेरून यायचा, सुया बाहेरून, पावाचा गहूसुद्धा बाहेरून. वर्षभरात सगळ्याच्या किमती बोर्डाच्या मागे धावत गेल्या. दुकानमालकाने किंमत तिप्पट सांगितली. काकांच्या नोटेत पूर्वी जेवढं यायचं, जवळजवळ तेवढंच पुन्हा येऊ लागलं. ज्याच्यासाठी माणूस थांबला ते हातात आलंच नाही. काकूंनी हे काकांना कधी कळू दिलं नाही. विचारलं की त्या फक्त आकडा सांगायच्या, नीट, दोनदा.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फोन वाजला. रविवार नव्हता. काकांच्या जोडीदाराचा आवाज होता, त्यात गोदीतली ठोकाठोक मिसळलेली.

“वहिनी, पडले हो.”

काकूंनी सवयीने खिडकीतून बोर्डाकडे पाहिलं. आकडा कालचाच होता.

“किती?” त्यांनी विचारलं.

बिचाऱ्याने उंची सांगितली.